वरच्याच्या घरची सुरगाठ

त्याला सगळे ‘वरचा’ म्हणत. खरं नाव त्याची आई गेल्यानंतर कुणी फारसं उच्चारलं नव्हतं. झाडं छाटणं, वाळलेल्या फांद्या उतरवणं, वादळानं मोडलेली खोडं घरांवरून सुखरूप खाली आणणं हा घरचा धंदा. बापाचाही तोच होता, पण बाप कामापुरता चढायचा. याचं काम अर्ध्या उंचीवर संपलं तरी शेंड्याला हात लावल्याशिवाय हा उतरायचा नाही. खालून दोर धरून उभी असलेली बायको ओरडायची, "अहो, झालं ना काम? उतरा की आता!" आणि पानांतून उत्तर यायचं, "आलोच, जरा वरचं बघून येतो." लोकांना तेवढं निमित्त पुरलं.

वरचं बघून येताना तो शेंड्याची एक कोवळी डहाळी कमरेच्या पट्ट्याला खोचून आणायचा. शेंड्याला जो पहिला पोचेल त्याची डहाळी, आणि ज्याची डहाळी त्यानंच ती घराच्या दारावरच्या खिळ्याला बांधायची, असा त्या घरातला रिवाज होता. मग वरचा स्टुलावर चढायचा, बायको स्टूल धरायची, आणि एवढ्या उंच झाडावरून उतरून आलेला माणूस त्या गुडघाभर स्टुलावरूनही विचारायचा, "धरलंय का?" ती म्हणायची, "धरलंय." हे विचारल्याशिवाय आणि उत्तर कानावर आल्याशिवाय त्या घरात कुणाचा पाय जमिनीवरून सुटत नसे.

दुसरा नियम गाठीचा. दोराला बांधायची ती निरगाठच. सुरगाठ पिशवीच्या तोंडाला, बुटाला, परकराच्या नाडीला; झाडाखाली नाही. मुलानं लहानपणी एकदा गंमत म्हणून दोराला सुरगाठ मारली, तर वरच्यानं पाठीत असा धपाटा घातला की मुलगा अजून ती जागा दाखवतो. "ओढली की सुटते ती कसली गाठ?" वरचा म्हणायचा. "ती नुसती फसवणूक."

मागच्या हंगामात वरचा पडला. फांदी बाहेरून ठणठणीत दिसत होती आणि आतून भुसा झाली होती. पाय ठेवला आणि भिजलेल्या बिस्किटासारखी गेली. बायकोनं खाली दोर सोडला नाही म्हणून जीव वाचला. तिच्या तळव्यांची सालं निघाली आणि याचा उजवा खांदा निखळला. खांदा बसवला, पण तो पूर्वीचा राहिला नाही. हात कानापर्यंत जायचा आणि तिथंच अडायचा. शर्ट घालताना बायकोला बाही धरावी लागे. एरवी तोंडाचा पट्टा सुरू असलेली ती बाई बाही धरताना गप्प असायची, आणि तेच त्याला जास्त लागायचं.

तेव्हापासून मुलगा चढू लागला आणि वरचा खाली उभा राहू लागला. जन्मभर ज्यानं विचारलं त्याला आता उत्तर द्यायचं होतं, आणि ते काही केल्या जमत नव्हतं. तो मान वर करून बघत राहायचा आणि हातात दोर ढिला पडायचा.

"धरलंय का?" मुलगा वरून विचारायचा.

उत्तर नाही.

"अहो, पोरगा विचारतोय!" बायको कोपरानं ढोसायची.

"हां, हां. धरलंय."

"खाली उभं राहणं म्हणजे गंमत वाटत होती ना इतकी वर्षं? आता कळेल."

आणि सून तर भलतीच. तिला उंचीची भीती. माळ्यावरचा डबा काढायचा झाला तरी सासूला हाक मारायची. स्टुलावर एक पाय ठेवला की तिच्या कपाळाला घाम फुटायचा. झाडवाल्यांच्या घरात अशी सून आली म्हणून लोकांनी पोटभर हसून घेतलं होतं. तिचं माहेर सपाट मुलखातलं. तिथं ती शेतांवर औषध फवारणारं ड्रोन चालवायची. येताना कॅमेरा लावलेलं एक लहान ड्रोन ती बरोबर घेऊन आली होती. वरचा त्याला भुंगा म्हणायचा. पहिल्यांदा तिनं ते अंगणात उडवलं तेव्हा कोंबड्या खुराड्यात पळाल्या आणि दोरीवरची ओली चादर चिखलात पडली. "तुझ्या भुंग्याला म्हणावं, चादर परत धुवून दे," सासू म्हणाली होती. त्यानंतर भुंगा बरेच दिवस पेटीतच होता.

यंदा वादळं एकामागून एक आली. दवाखान्याच्या आवारातला जुना शिरीष हलला नाही, पण त्याची एक मोठी फांदी वाळून गेली आणि दवाखान्याच्या छपरावर वाकून राहिली. त्याच झाडाच्या सावलीत बाकं होती. आजारी माणसं, कडेवर पोरं घेतलेल्या बाया, काठी टेकत आलेली म्हातारी माणसं तिथं आपापल्या पाळीची वाट बघत बसायची. आता बाकं उचलून भिंतीला लावली होती आणि माणसं उन्हात उभी होती.

झाडांच्या खात्याच्या बाई पाहणीला आल्या. बरोबर मशीनवाला ठेकेदारही होता.

"आख्खं झाडच घेतो खाली," ठेकेदार म्हणाला. "माझं मशीन फाटकाशी उभं आहे. एका दिवसात आवार मोकळं."

"झाड चांगलं आहे हो," वरचा म्हणाला. "एका फांदीचं दुखणं आहे. तेवढी उतरवली की झालं."

"मलाही झाड हवंय," बाई म्हणाल्या. "पण नवा नियम ठाऊक आहे ना? शेंड्यापर्यंत वरून पाहणी झाल्याशिवाय कुणी चढायचं नाही. फांदी आतून कशी आहे ते आधी मला दिसलं पाहिजे, मगच माणूस वर."

नियम कुणामुळे आला हे बाई बोलल्या नाहीत. पण आवारातल्या सगळ्यांचे डोळे वरच्याच्या खांद्याकडे वळले. त्याच्या कानांच्या पाळ्या गरम झाल्या.

"चढल्याशिवाय वरून बघायचं कसं?" त्यानं विचारलं.

"ते तुम्ही बघा. उद्या संध्याकाळपर्यंत फांदी उतरली तर पुढची सगळी झाडं तुमच्याकडे देते. नाही उतरली तर मशीन. आणि पुढचीही मग मशीनकडेच. माझाही इलाज नाही."

म्हणजे हे झाड हातचं गेलं तर धंदाच गेला. वरच्याला ते समजलं, बायकोलाही समजलं. तिनं दोराचं वेटोळं खांद्यावरून खाली ठेवलं आणि पदरानं तोंड पुसलं. मुलगा पायानं माती उकरत राहिला.

मागून सुनेचा आवाज आला. "बाबा, भुंगा आणू का?"

तिनंही त्याला भुंगाच म्हटलं, याचं वरच्याला एवढ्या गडबडीतही हसू आलं. "आण," तो म्हणाला. "कोंबड्या नाहीत इथं."

भुंगा गुरगुरत वर गेला. सून पाय रोवून उभी होती, दोन्ही अंगठे रिमोटवर, मान खाली. शेजारी स्क्रीन धरून मुलगा. वरचा जवळ गेला तो अनिच्छेनंच. डोळे बारीक करून त्यानं स्क्रीनकडे पाहिलं आणि तो तिथंच खिळला.

शेंडा होता तो. शिरिषाचा शेंडा, कोवळ्या पानांचा, वाऱ्यावर हलणारा. पलीकडे दवाखान्याचं छप्पर, रस्ता, शेतांचे तुकडे, नदीचं वळण. पडल्यापासून हे दिसलं नव्हतं. झाडाच्या वरून जग असं दिसतं हे घरात त्यालाच ठाऊक होतं, आणि आपल्या माघारीही ते तिथं तसंच होतं. बायकोनं त्याच्याकडे पाहिलं आणि नजर वळवली.

"हं. आता दोर कुठे टाकायचा ते सांगतो," तो खाकरून म्हणाला. "ते जाड बेचकं दिसतंय ना, डावीकडचं? त्यात. खालून मी सकाळीच हेरून ठेवलंय. हत्ती टांगला तरी मोडायचं नाही."

"थांबा हं," सून म्हणाली. भुंगा हळूच त्या बेचक्यावर आला आणि तिनं कॅमेरा खाली वळवला.

बेचक्यात पाणी चमकत होतं. साल उभी फाटली होती, फटीतून पांढऱ्या अळंब्या डोकावत होत्या आणि आत काळी, खोल ढोली. खालून ते बेचकं मांडीसारखं भरदार दिसत होतं. वरून ते नुसतं भांडं होतं.

मुलानं स्क्रीन आणखी जवळ धरली, जणू जवळ धरल्यानं काही वेगळं दिसेल. त्याच बेचक्यावर वरच्याचा एकुलता एक मुलगा आज लोंबकळणार होता, त्याच्याच सांगण्यावरून.

"मी पण असंच हेरलं होतं," तो शेवटी म्हणाला. "मागच्या खेपेला."

"आता वरून हेरा की," बायको म्हणाली. "डोळे काही पडले नाहीत तुमचे."

मग त्यानं हेरलं. सून भुंगा नेईल तिथं त्याचं बोट स्क्रीनवर जायचं. जरा मागे घे. बुंध्याकडून बघू. ही साल बघ, कशी घट्ट आहे. इथं जखम भरून आलीय. दोघांचं असं काही जमलं की बाईंनीही छत्री मिटून स्क्रीनमध्ये डोकं घातलं. शेवटी उजवीकडे, बरंच वर, एक निरोगी बेचकं मिळालं. वाळकी फांदी तिथून नीट तोलता येणार होती.

"ठीक," बाई म्हणाल्या. "या बेचक्यातून चढायला माझी हरकत नाही. फांदी उतरली की कळवा."

प्रश्न आता एवढाच होता की दोर तिथवर न्यायचा कसा. त्या घरात वाळूची पुरचुंडी बारीक दोरीला बांधून बेचक्यातून भिरकावत. दोरी पलीकडे उतरली की तिच्यामागून जाड दोर ओढून घेत. वरच्याची नेमबाजी नावाजलेली होती, पण तो हात आता कानाशी अडायचा. मुलानं भिरकावली. पुरचुंडी निम्म्यातून परत आली. पुन्हा भिरकावली, ती छपरावर पडली आणि आतून नर्स ओरडली. फाटकाशी मशीनच्या सावलीत बसलेल्या ठेकेदाराच्या माणसांना करमणूक झाली. "वरच्याला विचारा की!" एकजण म्हणाला. "वरचा खाली उभा आहे रे," दुसरा म्हणाला, आणि हशा पिकला.

वरच्यानं ऐकलं आणि न ऐकल्यासारखं केलं.

"दोरी भुंगा नेईल," सून म्हणाली. "हलकी आहे. बेचक्यावरून पलीकडे जाते, दोरी मागून येईल."

"पेलेल?"

"एवढी पेलेल."

"मग आण इकडे. गाठ मी मारतो."

भुंग्याच्या पायाला त्यानं दोरीचं टोक बांधलं. घरची निरगाठ, तीन वेढे, एक अढी, आणि शेवटी ओठ आवळून दिलेला हिसका. डाव्या हातानं दोरी ताणून पाहिली. सून बघत होती. तिनं तोंड उघडलं, गाठीकडे पाहिलं, सासऱ्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि तोंड मिटलं. ते कुणाच्या लक्षात आलं नाही. आलं असलं तर फक्त सासूच्या.

भुंगा दोरी घेऊन निघाला. बेचक्यावर गेला, ओलांडून पलीकडे झाला, आणि दोरी एका वाळक्या काटकीला अडकली. पुढे जाईना, मागे येईना. सून ओठ चावत अंगठे हलवत होती. भुंगा दाव्याला बांधलेल्या वासरासारखा ओढ घेत राहिला, वारा आला, तो तिरपा झाला, पात्यांनी पानं छाटली, खडखड झाली आणि आवाज बंद पडला.

तो खाली पडला नाही. वरच्याची गाठ सुटणार थोडीच होती? शिरिषाच्या मधोमध भुंगा उलटा लोंबत झोके घेत राहिला.

फाटकाशी आता माणसं पोट धरून हसत होती. "पक्की गाठ आहे बरं का!" ठेकेदार ओरडला. "वरच्याची आहे!"

सुनेचा चेहरा पांढराफटक पडला होता. "सरा," सासू म्हणाली. तिनं मुलाच्या हातातून दोरीचं दुसरं टोक घेतलं, पाय फाकवले आणि चार बोटांतून दोरी हळूहळू सोडायला सुरुवात केली. मोठमोठ्या फांद्या तिनं अशाच, एकही कौल न फोडता, उतरवल्या होत्या. भुंगा डहाळ्यांना टेकत, अडखळत, पुन्हा सुटत खाली आला आणि सुनेच्या ओंजळीत उतरला. दोन पाती तुटली होती. बाकी शाबूत.

"दुसरी पाती आहेत का?" सासूनं विचारलं.

"पेटीत आहेत."

"मग रडतेस कशाला? चला घरी. आज वारा आहे."

संध्याकाळी सून ओट्यावर बसून नवी पाती लावत होती. बारीक स्क्रू ती ओठांत धरी आणि एकेक काढून बसवी. वरचा उंबऱ्यात बसून गरम पाण्याच्या पिशवीनं खांदा शेकत होता. बराच वेळ तो तिच्या हातांकडे बघत राहिला. हात चांगले होते. कामाचे हात त्याला ओळखू येत.

"असं का झालं?" त्यानं विचारलं.

"दोरी अडकली."

"ते मी बघितलं. अडकली तर करायचं काय असतं?"

तिनं ओठांतला स्क्रू काढून तळहातावर ठेवला. "सोडायची असते. अडकली की दोरी टाकून द्यायची आणि निघून यायचं. भुंग्याला बांधायची गाठ सुटणारी लागते, बाबा."

"सुटणारी म्हणजे?"

"सुरगाठ."

चुलीपाशी सासूचा हात थांबला. मुलानं करवतीच्या दात्यांवरून नजर उचलली.

"तुला हे माहीत होतं?" वरच्याचा आवाज चढला. "मी गाठ मारताना माहीत होतं?"

"हो."

"मग बोलली का नाहीस?"

तिनं मान खाली घातली. "तुमची गाठ होती. मी कोण बोलणार? मला स्टुलावर चढता येत नाही."

पिशवी वरच्याच्या खांद्यावरून घसरली, ती त्यानं उचलली नाही. घरात सुरगाठ चालत नाही हे या मुलीला येऊन आठवडा व्हायच्या आत कळलं असणार. तो धपाट्याचा किस्सा त्यानंच तिला रंगवून रंगवून सांगितला होता, आणि सगळ्यांत मोठ्यानं हसलाही तोच होता.

"मला वाटलंच," सासू चुलीकडे तोंड करून म्हणाली. "तोंड उघडलं होतंस तू. मी पण वर्षानुवर्षं असंच उघडून मिटलंय. तू ती सवय लावून घेऊ नकोस."

"तू कधी मिटलंस?" वरचा म्हणाला.

"बघ! हे असं असतं."

मुलगा हसला, आणि मग सुनेच्या तोंडावरही थोडं हसू आलं. वरच्यानं खिशातून दोरीचा तुकडा काढला आणि तिच्यापुढे टाकला. "दाखव."

तिनं भुंग्याच्या पायाला दोरी गुंडाळली, शेवटी टोक सरळ न ओवता दुमडून ओवलं, आणि त्या दुमडीला एक बारीक धागा बांधला. "वजन दोरीवर आलं तरी सुटत नाही. हा धागा ओढला तरच सुटते. धागा खाली कुणीतरी धरायचा. मी सांगितलं की ओढायचा." तिनं धागा ओढला. दोरी गळून पडली.

वरच्यानं करून पाहिली. शेवटच्या वेढ्याला त्याची बोटं आपोआप आवळली आणि निरगाठ बसली. त्यानं ती दातांनी सोडवली. पुन्हा केली, पुन्हा निरगाठ. "हात ऐकत नाहीत," तो चिडून म्हणाला.

"बोटं अशी उघडी ठेवा, बाबा. आवळू नका."

"आवळू नका! जन्मभर आवळलं म्हणून तर जिवंत आहे."

पण जेवणाची ताटं मांडेपर्यंत ती त्याला जमली. एक बऱ्यापैकी ओबडधोबड सुरगाठ. त्यानं धागा ओढला, दोरी पडली, आणि तो मुलाकडे वळून म्हणाला, "त्या धपाट्याचं काय करू आता? परत घेऊ?"

"राहू द्या," मुलगा म्हणाला. "सवय झालीय."

सकाळी वारा पडला होता, पण ढग होते. बातमी पसरली असावी. दवाखान्यात रोजच्यापेक्षा जास्त आजारी दिसत होते. ठेकेदारानं मशीन फाटकाच्या आत घेऊन ठेवलं होतं, म्हणजे वेळ जायला नको. बाई भिंतीशी खुर्ची टाकून बसल्या.

सुरगाठ सुनेनं मारली. वरच्यानं ती तपासली आणि मान हलवली. बारीक दोरीचं दुसरं टोक बायकोच्या हातात, वाळूची लहानशी पुरचुंडी गाठीखाली लोंबती, आणि धागा वरच्याच्या डाव्या हातात, तर्जनीला एक वेढा देऊन.

"मी म्हणेन तेव्हाच," सून म्हणाली.

"कळलं."

भुंगा वर गेला. कालच्यापेक्षा हळू. बायको दोरी सोडत होती, वरचा धागा सोडत होता, दोघांच्या माना एकाच कोनात वर. असे ते दोघं शेजारी शेजारी कधी उभे राहिले नव्हते. नेहमी एकजण वर असायचा. भुंगा बेचक्यावर आला, पलीकडे झाला. पुरचुंडी बेचक्यावरून घसरली आणि पलीकडे लोंबू लागली. आणखी थोडं पुढे गेलं की झालं असतं, तेवढ्यात ढगाखालून झोत आला. शिरिषाची पानं एकदम उलटली. दोरी ताणली गेली. कालचीच काटकी.

भुंगा तिरपा झाला.

"बाबा, सोडा."

त्याचं बोट हललं नाही. वर काहीतरी टांगलेलं आहे, दोर हातात आहे, आणि कुणीतरी सोडा म्हणतंय, हे त्याच्या अंगाला समजेचना. फाटकाशी कुणीतरी हसायला सुरुवात केली.

"सोडा!" सून ओरडली. सासऱ्यावर ओरडलेली ती त्या घरातली पहिलीच. "सोडा म्हणते ना!"

त्यानं धागा ओढला.

"सोडलंय!" तो ओरडला, आणि स्वतःचाच आवाज ऐकून दचकला.

भुंगा उसळून वर गेला, पार शेंड्याच्या वर, मोकळा. पुरचुंडी पलीकडून पानांतून सळसळत आली, एकदा अडली, बायकोनं दोरीला हलकासा झटका दिला, आणि ती बाकाच्या जागेवर मातीत धपकन पडली. दोरी नेमकी बेचक्यात बसली होती. बायकोनं त्याच्याकडे पाहिलं. "बोट सोडवा आता ते," ती म्हणाली. धागा तर्जनीत रुतला होता आणि बोट निळं पडलं होतं.

मग सगळं हातखंड्याचं काम. जाड दोर ओढून घेतला, त्याला निरगाठ, आणि ती वरच्यानं स्वतः मारली. मुलानं पट्टा आवळला, हेल्मेट घातलं, दोराला वजन देऊन पाहिलं आणि मान वर करूनच विचारलं, "धरलंय का?"

"धरलंय!" वरच्याचं उत्तर असं तडक आलं की बायकोचं कोपर वाटेतच थांबलं.

मुलगा चढला. सून भुंगा त्याच्यापासून अंतर राखून फिरवत होती आणि सांगत होती, "उजव्या पायाखालची साल सुटलीय, तिथं नको. हां. वरची चांगली आहे." तिचा आवाज वर पोचत होता की नाही देव जाणे, पण वरचा तो मोठ्यानं पुढे देत होता, आणि मुलगा पाय बदलत होता. फांदी तुकड्यातुकड्यानं सुटली. प्रत्येक तुकडा दोरावर तोलला गेला, छपरावरून फिरवून आवारात उतरला. एक कौल फुटलं नाही. शेवटचा जाड तुकडा खाली टेकला तेव्हा पाळीसाठी आलेली माणसं, ज्यांना ताप होता तीसुद्धा, उभी राहून बघत होती. वाळक्या तुकड्यांच्या ढिगापलीकडे शिरीष होता तसाच उभा होता, थोडा हलका होऊन.

काम संपलं, पण मुलगा उतरेना.

"काय रे?" आईनं हाक दिली. "झालं ना? उतर की!"

"आलोच," पानांतून आवाज आला. "जरा वरचं बघून येतो."

वरच्यानं स्क्रीनमध्ये पाहिलं. त्याचा मुलगा शेंड्याशी पोचला होता. एक हात खोडाभोवती, दुसरा वर. भुंगा समोर थांबला होता आणि पोरगा त्याच्याकडे बघून दात काढत होता. वरच्याच्या अंगावर मूठभर मांस चढलं. ते त्यानं लपवलंही नाही. "बघा," तो बाईंना म्हणाला, "बघा, बाई, नीट बघा. तो माझा मुलगा आहे. आणि हे जे दाखवतेय ना, ती माझी सून."

"दिसतंय," बाई हसून म्हणाल्या. "पुढचं झाड शाळेपाशी आहे. सोमवारी या."

ठेकेदार मशीन मागे घेऊन जाता जाता थांबला. "वरच्या, ते यंत्र देतोस का भाड्यानं? आमच्याही कामाला येईल."

"यंत्र कुणाकडेही मिळेल," वरचा म्हणाला. "सून कुठून आणशील?"

घरी आल्यावर मुलानं कमरेची डहाळी काढून खरचटल्या हातांनी बापापुढे धरली. पानं अजून टवटवीत होती. वरच्यानं ती घेतली नाही.

"नियम काय आहे आपला?" त्यानं विचारलं. "शेंड्याला पहिला जो पोचेल त्याची."

"मीच पोचलो."

"तू पोचलास तेव्हा तिथं आधीच कोण होतं?"

मुलानं वळून डहाळी आपल्या बायकोच्या हातात दिली. ती गोंधळली. तिनं ती सासूपुढे धरली. सासूनं दोन्ही हात पाठीमागे घेतले.

"ज्याची डहाळी त्यानंच बांधायची," सासू म्हणाली. "मी कुणाच्या मध्ये पडत नाही."

"मला नाही जमणार, आई. तुम्हाला माहितीये."

वरच्यानं कोपऱ्यातलं स्टूल उचललं, दारात आणून ठेवलं आणि हलतंय का ते पाहिलं. मग गुडघे टेकून खाली बसला. उजवा खांदा कुरकुरला, पण हात एवढ्या खाली यायला त्याला काही अडचण नव्हती. दोन्ही हातांनी त्यानं स्टुलाचे पाय पकडले.

सून पुढे आली. एक पाय वर ठेवला. कपाळाला घाम फुटला. तिनं चौकट धरली, डोळे मिटले, उघडले, आणि वर खिळ्याकडे बघतच, त्या घरात पहिल्यांदा, विचारलं:

"धरलंय का, बाबा?"

"धरलंय," वरचा खालून म्हणाला.